ल्वूफचा लेख

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत भाची आमच्याकडे आली होती. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती तेव्हा. फराळ झाल्यावर तिने लॅपटॉपवर तिच्या प्रकल्पाचे चित्र दाखवले. पोलादी ब्रॅकेट होता. कडांना निळा, पोटात हिरवा-पिवळा, आणि वळणाच्या खाचेत लालभडक. बाजूला रंगांची पट्टी आणि वर ठळक अक्षरांत 'फॉन मिझेस स्ट्रेस'.

"हा मिझेस कोण गं?" मी विचारले.

"मामा, ते असंच असतं. सॉफ्टवेअर उघडलं की पहिल्यांदा तेच येतं."

या उत्तरात चूक काही नव्हती. मी स्वतः पदविका घेऊन पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका चाचणी-प्रयोगशाळेत बावीस वर्षे काढली. लोखंडाचे नमुने यंत्राच्या जबड्यात धरून ओढायचे, आकडे लिहायचे, शिक्का मारायचा. मिझेसचे नाव शेकडो अहवालांत वाचले. तो कोण, हे एकदाही विचारले नव्हते. नोकरी सुटल्यावर जुन्या यंत्रविद्येचा इतिहास वाचायची सवय लागली, तेवढाच माझा अधिकार. भाचीच्या त्या उत्तराने मात्र मला एका शहरात नेऊन सोडले आणि तिथून मी अजून पुरता परतलेलो नाही.

आधी प्रश्न काय होता ते सांगायला हवे, नाहीतर पुढची माणसे कशासाठी धडपडत होती ते कळणार नाही.

न्यूटनचे नियम सगळ्यांना सारखेच लागू. पूल लोखंडाचा असो, लाकडाचा असो की रबराचा, वरचे ओझे आणि खालचा आधार यांचा हिशेब जुळलाच पाहिजे. पण या हिशेबातून लोखंड किती वाकेल आणि रबर किती, हे कळत नाही. त्यासाठी त्या त्या द्रव्याचा स्वभाव वेगळ्या समीकरणात मांडावा लागतो. इंग्रजीत याला 'कॉन्स्टिट्यूटिव्ह' नियम म्हणतात; मी माझ्या वहीत 'स्वभाव-नियम' लिहितो. पहिला स्वभाव-नियम रॉबर्ट हूकचा : जितका ताण, तितकी लांबी. हूक इतका संशयी की १६७६ मध्ये त्याने हा नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्यात छापला आणि दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, उत्तर सांगितले. शोध आधी आपल्या नावावर लागावा आणि तरीही तो कुणाला कळू नये, अशी दुहेरी सोय.

हूकचा नियम एका मर्यादेपर्यंत चालतो. त्यानंतर पोलाद सैल पडते. आमच्या प्रयोगशाळेत हे दिवसातून दहा वेळा दिसे. काटा चढत चढत जातो, एका जागी अडखळतो, मागे सरकतो, आणि सळी न कुरकुरता लांब होऊ लागते. यालाच यील्ड म्हणतात. मला काम शिकवणारे वयस्कर ऑपरेटर म्हणायचे, "तुटतो तेव्हा सगळे बघतात. सैल कधी पडला ते बघ." साध्या बांधकामाच्या पोलादात हा आकडा दर चौरस मिलिमीटरला साधारण २५० न्यूटन धरतात.

अडचण अशी की हा आकडा सळी एकाच दिशेने ओढून मिळालेला. खऱ्या यंत्रातला दांडा एकाच वेळी ओढला जातो, पिळला जातो, वाकवलाही जातो. बॉयलरचा पत्रा दोन दिशांनी ताणलेला असतो. मग एका दिशेच्या त्या एका आकड्यावरून, तीन दिशांनी छळला जाणारा धातू कधी सैल पडेल, हे कसे ठरवायचे? दर खेपेला नवी चाचणी करणे शक्य नाही. नियम हवा.

पॅरिसच्या आंरी त्रेस्काने १८६४ मध्ये एक नियम फ्रेंच अकादमीपुढे ठेवला. तो शिसे आणि इतर धातू प्रचंड दाबाखाली भोकातून ढकलून पाहत होता. घन धातू कुरडईच्या पिठासारखा वाहतो हे त्याने दाखवले. त्याचे म्हणणे : धातूच्या आत एक थर दुसऱ्यावरून घसरवू पाहणारे बल, म्हणजे कर्तन प्रतिबल, एका हद्दीला पोहोचले की धातू सैल पडतो. नियम साधा, हाताने हिशेब होण्याजोगा. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्रेस्काचे नाव आहे. प्रमाण मीटरच्या प्लॅटिनम-इरिडियम पट्टीचा एक्ससारखा छेदही त्याचाच.

दुसरा विचार इटलीच्या बेल्ट्रामीचा, १८८५ चा. धातूत साठलेली एकूण ऊर्जा मोजा, असे तो म्हणाला. ऐकायला योग्य वाटते. पण पोलादाचा भरीव गोळा समुद्रात दहा किलोमीटर खोल सोडला, तर सगळीकडून सुमारे १,००० वातावरणांचा दाब येतो, गोळ्यात ऊर्जा साठते, आणि तरीही वर काढल्यावर तो होता तसाच गोळा असतो. चारी बाजूंनी सारखे दाबलेले धातू सैल पडत नाही. घनफळ कमी झाले तरी घाट बदलत नाही. बिघडतो तो घाट बदलल्यावर.

म्हणजे ऊर्जेचे दोन वाटे करायला हवेत : एक घनफळ बदलण्यात खर्च झालेला, दुसरा घाट बदलण्यात. हिशेबाला धरायचा तो दुसरा. कल्पना एवढीच. आज जगभरच्या संगणकांवर लाल-निळी चित्रे काढणारे सूत्र याच दुसऱ्या वाट्याचे आहे. आकड्यांत फरक असा पडतो : २५० वर सैल पडणारे पोलाद नुसते कातरले, तर त्रेस्काप्रमाणे ते १२५ वर सैल पडावे, दुसऱ्या वाट्याच्या नियमाप्रमाणे २५० भागिले तीनचे वर्गमूळ, म्हणजे साधारण १४४ वर. आपल्या पोलादी बांधकामाच्या संहितेत, आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत, तुळईचे कर्तन-सामर्थ्य काढताना यील्डचा आकडा याच वर्गमुळाने भागतात. ती संहिता पाळून उभ्या राहिलेल्या प्रत्येक शेडमागे हा भागाकार आहे.

आता ते शहर. जर्मनमध्ये लेम्बर्ग, पोलिशमध्ये ल्वूफ, युक्रेनियनमध्ये ल्विव्ह. आज ते युक्रेनात आहे. १९०४ मध्ये ते ऑस्ट्रियन साम्राज्याच्या गॅलिशिया प्रांताची राजधानी होते. पोलंड नावाचा देश तेव्हा नकाशावर नव्हता. तीन साम्राज्यांनी तो वाटून घेतला होता. तरी ल्वूफच्या पॉलिटेक्निकमध्ये १८७० च्या दशकापासून शिकवणे पोलिश भाषेत होते. गावात अभियंत्यांची एक पॉलिटेक्निक सोसायटी होती आणि तिचे नियतकालिक होते, 'चासोपिस्मो तेख्निच्ने'. नावाचा अर्थ सरळ 'तांत्रिक नियतकालिक'.

या नियतकालिकात १९०४ मध्ये माक्सिमिलियान टिटुस हूबर या बत्तीस वर्षांच्या अभियंत्याचा लेख आला. शीर्षकाचा अर्थ साधारण असा : विरूपणाचे विशिष्ट कार्य, द्रव्याच्या दमछाकीचे माप. ('दमछाक' या शब्दाकडे परत येईन.) त्यात ऊर्जेचे ते दोन वाटे केलेले आहेत, आणि घाट बदलणाऱ्या वाट्याला त्याचे स्थान दिलेले आहे. लेख पोलिशमध्ये होता. बाहेर जवळजवळ कुणी वाचला नाही.

नऊ वर्षांनी, १९१३ मध्ये, ग्योटिंगेनच्या विज्ञान-सभेच्या वृत्तांतात रिखार्ड फॉन मिझेस याचा लेख जर्मनमध्ये आला आणि त्यात तेच सूत्र होते. हा मिझेस जन्मला कुठे? १९ एप्रिल १८८३, लेम्बर्ग. म्हणजे ल्वूफ! वडील ऑस्ट्रियन रेल्वेत अभियंता. हूबरचा लेख त्याच्या जन्मगावी छापला जात होता तेव्हा एकवीस वर्षांचा मिझेस व्हिएन्नात शिकत होता.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. सरळ गोष्ट हातात आली होती : छोट्या भाषेत लिहिले म्हणून शोध बुडाला, मोठ्या भाषेत लिहिणाऱ्याचे नाव झाले, आणि तोही त्याच गावचा. २७ फेब्रुवारीला आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मराठी भाषा गौरव दिनाचे भाषण माझ्याकडे होते. मी ही गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. टाळ्या पडल्या. हूबरला जर्मन येत असते तर, असे एक वाक्यही मी ठोकून दिले.

चहाच्या वेळी एक निवृत्त शिक्षिका जवळ आल्या. म्हणाल्या, "सर, ऑस्ट्रियन राज्यातला शिकलेला माणूस. त्याला जर्मन येत नसेल, असं कसं होईल?"

मी काहीतरी पुटपुटलो. घरी येऊन शोधले आणि पुढचे आठ दिवस स्वतःचे भाषण आठवून कानकोंडा होत राहिलो. हूबरला जर्मन उत्तम येत होते. त्याच १९०४ साली त्याचा दुसरा एक लेख 'अनालेन डेर फिजीक'मध्ये जर्मनमध्ये छापून आला आहे. दोन लवचिक गोळे एकमेकांवर दाबले की स्पर्शाच्या जागी आत काय होते, यावर. हे हाइनरिख हर्ट्झने सुरू केलेले काम हूबरने पुढे नेले होते. तो लेख वाचला गेला, वापरला गेला, आजही बेअरिंग आणि रेल्वेची चाके यांच्या अभ्यासात त्याचा उल्लेख येतो. आणि 'अनालेन' म्हणजे कसले मासिक, तर पुढच्याच वर्षी आइन्स्टाइनचे सापेक्षतेचे लेख ज्यात आले ते.

म्हणजे एकाच वर्षी, एकाच माणसाने, एक लेख बर्लिन-ग्योटिंगेनच्या वाचकांसाठी लिहिला आणि दुसरा ल्वूफच्या अभियंत्यांसाठी. दार बंद नव्हते. गोळ्यांच्या स्पर्शाचा प्रश्न गणिती भौतिकीचा. तो जर्मनमध्ये गेला. दांडा कधी सैल पडेल, हा प्रश्न पूल आणि बॉयलर बांधणाऱ्यांचा. तो त्यांच्या भाषेत गेला. निदान मला तरी त्या दोन लेखांची विभागणी अशीच समजते. त्याला पुढच्या कीर्तीची गणिते करत बसलेला माणूस समजणे हा माझा उथळपणा होता.

मग गोष्टीचे दुसरे टोकही सुटले. जेम्स क्लार्क मॅक्सवेलचे एक पत्र आहे, १८ डिसेंबर १८५६ चे, विल्यम थॉमसनला लिहिलेले. हा थॉमसन म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन. पंचवीस वर्षांचा मॅक्सवेल त्यात ऊर्जेचे तेच दोन वाटे करतो आणि घाट बदलणारी ऊर्जा एका हद्दीला पोहोचली की द्रव्याचा कण हार मानू लागेल, असे मानायला आपल्याकडे सबळ कारण आहे, असे कळवतो. हूबरच्या ४८ वर्षे आधी. भाषा इंग्रजी, लिहिणारा मॅक्सवेल, वाचणारा केल्विन. यापेक्षा मोठा उंबरठा कुठला? पण मॅक्सवेल या प्रश्नाकडे परत वळला नाही. ती पत्रे १९३० च्या दशकात छापली गेली. ऐंशी वर्षे ती ओळ पाकिटात पडून होती. केंद्रस्थानी, मोठ्या भाषेत, सर्वांत मोठ्या माणसांच्या हातात असूनही.

आणि मिझेस? त्याच्यावर मी भाषणात जो राग काढला तोही फुकट गेला. त्याने ऊर्जेबद्दल काही दावाच केला नव्हता. त्रेस्काचा नियम आलेखावर काढला की षटकोन मिळतो. षटकोनाला कोपरे असतात आणि कोपऱ्यांवर गणित अडते. मिझेसने त्याऐवजी षटकोनाच्या टोकांतून जाणारे वर्तुळ घेतले, हिशेबाच्या सोयीसाठी. त्याच्या दृष्टीने ते वर्तुळ त्रेस्काची जवळपासची नक्कल होती. ज्याच्या नावाने जग आज स्वभाव-नियम ओळखते, त्याने तो स्वभाव म्हणून मांडलाच नव्हता! आमच्या कारखान्यात कोपरा घासून गोल करतात, हातात घेताना लागू नये म्हणून, त्यातलाच प्रकार.

त्या वर्तुळाला अर्थ दिला हाइनरिख हेंकीने, १९२४ मध्ये. हे वर्तुळ म्हणजे घाट बदलणाऱ्या ऊर्जेची हद्द, असे त्याने सांगितले. तो लेख ज्या नियतकालिकात आला ते उपयोजित गणित आणि यंत्रविद्येचे नियतकालिक मिझेसनेच १९२१ मध्ये सुरू केलेले. आधी १९२० मध्ये आउगुस्ट आणि लुडविग फ्योप्ल या बापलेकांच्या 'ड्रांग उंड त्स्वांग' या ग्रंथात हूबरचा उल्लेख आला होता. तिथून ते नाव जर्मन वाचकांना माहीत झाले. दोघा जर्मनांनी पोलिश लेखाची दखल घेतली, हेही मी भाषणात सांगायला हवे होते. माहीत नव्हते म्हणून सांगितले नाही असे म्हणवत नाही. माझ्या गोष्टीला ते नको होते, म्हणून मी तिकडे पाहिलेच नाही.

तरीही नियम कोणता खरा, याचा निकाल लेखांनी दिला नाही. तो नळ्यांनी दिला. ग्योटिंगेनमध्ये लोडे याने १९२६ मध्ये लोखंड, तांबे आणि निकेल यांच्या पातळ नळ्या घेतल्या, आतून दाब दिला आणि त्याच वेळी लांबीच्या दिशेने ओढल्या. १९३१ मध्ये केंब्रिजच्या जी. आय. टेलर आणि क्विनी यांनी नळ्या ओढल्या आणि पिळल्या. दोन्हीकडे बिंदू षटकोनापेक्षा वर्तुळाच्या बाजूला पडले. सोयीसाठी काढलेले वर्तुळ मूळ षटकोनापेक्षा धातूच्या जास्त जवळचे निघाले. बावीस वर्षे यंत्राच्या जबड्यापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला या जागी थोडा आनंद होतो, तो मी लपवत नाही. त्या नळ्या कुणीतरी घासून, मोजून, एकसारख्या जाडीच्या केल्या असतील. भिंत एका बाजूला केसभर जाड राहिली तरी बिंदू भलतीकडे जातो.

प्रामाणिकपणे आणखी एक सांगावे लागते. हूबरचा १९०४ चा नियम आणि आजचे सूत्र तंतोतंत एक नाहीत. सरासरी प्रतिबल दाबाचे असेल तिथे हूबर फक्त घाटाची ऊर्जा धरतो. ते ताणाचे असेल तिथे मात्र घनफळाची ऊर्जाही त्यात मिळवतो. तन्य पोलादापुरती ही दुसरी जोड टिकली नाही. म्हणून 'मिझेसने चोरले' हे जितके खोटे, तितकेच 'सगळे हूबरचेच' हेही. पोलिश पुस्तकांत त्याला हूबरचे गृहीतक किंवा तिघांची नावे जोडून म्हणतात. मला तीन नावे बरी वाटतात. मॅक्सवेलला इतर ठिकाणी पुष्कळ मिळाले आहे.

तर मग भाषेचा काहीच संबंध नव्हता का? होता. मी फक्त तो उलट्या बाजूने पाहत होतो. हूबरचा लेख का बुडाला, यापेक्षा तो तिथे लिहिला कसा गेला, हा प्रश्न मला आता मोठा वाटतो. देश नसलेल्या लोकांच्या भाषेत, १९०४ मध्ये, इतक्या सूक्ष्म विषयावर लिहायला शब्द तयार होते, छापायला नियतकालिक होते, वाचायला सोसायटीचे सभासद होते. आपल्याकडे सुरुवात फार आधीची. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसच्या देखरेखीखाली मुंबईत इंजिनिअरांच्या शाळेसाठी गणिताची पुस्तके मराठीत झाली, जगन्नाथशास्त्री क्रमवंतांसारख्या पंडितांच्या मदतीने. म्हणजे ल्वूफच्या पोलिश वर्गांच्या अर्धशतक आधी. पण ती भाषांतरे होती, हाताखालची माणसे तयार करण्यासाठी, आणि पुढे वरचे शिक्षण इंग्रजीत गेले. ल्वूफमध्ये वरचा वर्गच पोलिशमध्ये होता. फरक मला तिथे दिसतो, शब्दसंग्रहात नाही.

हूबर पुढे ल्वूफमध्ये प्राध्यापक झाला, १९२८ मध्ये वॉर्साला गेला. वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळी ताकद असलेल्या पाट्यांवरचे त्याचे काम १९२९ मध्ये वॉर्साहून जर्मनमध्ये निघाले. पुलांच्या पोलादी तळांचा हिशेब त्यावर होत आला. वॉर्साला गेला म्हणून वाचलाही असेल. जुलै १९४१ मध्ये नाझींनी ल्वूफच्या प्राध्यापकांना घरांतून उचलून गोळ्या घातल्या, त्यांत पॉलिटेक्निकचे अनेक होते. युद्धानंतर तो ग्दान्स्क आणि शेवटी क्राको इथे शिकवत राहिला आणि ९ डिसेंबर १९५० रोजी वारला. मिझेस ज्यू कुळातला, म्हणून त्याला १९३३ मध्ये बर्लिन सोडावे लागले. इस्तंबूल, मग हार्वर्ड. १९५३ मध्ये तोही गेला. ल्वूफ तोवर दोघांचेही राहिले नव्हते.

१९०४ च्या लेखाचे इंग्रजी भाषांतर शंभर वर्षांनी, २००४ मध्ये, पोलंडच्याच एका शोधनियतकालिकात आले. मी वाचले ते तेच. मूळ पोलिश मला येत नाही. शीर्षक तेवढे कोशाच्या आधाराने सोडवले. त्यात एक शब्द आहे, 'वितेंझेन्ये'. पोलिशमध्ये प्रतिबलाला एक शब्द, विकृतीला दुसरा, आणि हा तिसरा : द्रव्य आपल्या हद्दीच्या किती जवळ आले आहे ते. इंग्रजी भाषांतरात त्याला 'एफर्ट' म्हटले आहे, म्हणजे प्रयत्न. तो मला फिका वाटतो. मी आता त्या लेखाचे मराठी करायला बसलो आहे आणि पहिल्याच ओळीत अडलो आहे. 'श्रम' म्हटले तर माणसाचे वाटतात, 'थकवा' म्हटले तर वारंवार भार पडून धातू तुटतो तो वेगळाच विषय होतो. 'दमछाक' लिहिले आहे. भाचीला फोनवर विचारले.

"मामा, दमछाक म्हणजे दमून झाल्यावर ना? याला दमायच्या आधीचं हवंय."

बरोबर आहे तिचे. शब्द खोडला आहे. दुसरा अजून सापडलेला नाही, म्हणून वर शीर्षकात तोच ठेवावा लागला.